पीण्यातल्या फोनवरचं पांढरं पान

अन्याय झाला तो एका बाईवर. गेल्या वर्षी, गणपती बसायच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांपासून दुपारी बारापर्यंत. वेळ इतकी नेमकी माहीत आहे, कारण ती मी नंतर सर्व्हरच्या नोंदीतून ओळ न् ओळ वाचून काढली. आणि अन्याय करणाऱ्यांत मी होते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे मी कुणावर आवाज चढवला तर ही स्वतःला वगळून बोलतेय असं कुणी म्हणायला नको.

बाईचं नाव लिहीत नाही. तिने लिहू नको म्हणून सांगितलंय. इथे सगळे तिला अक्का म्हणतात, मीही म्हणते. मूळची निपाणीकडची. घरात मराठी, कारखान्यात कन्नड, आणि चिडली की दोन्ही एकाच वाक्यात. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या युनिटमध्ये ती तपासणीच्या टेबलावर बसते. लेथवरून उतरलेले पितळेचे बुश, म्हणजे आरपार भोक असलेले छोटे तुकडे, तिच्यापुढे येतात. प्रत्येकाच्या भोकात ती गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून बघते. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बरोबर असेल तो तुकडा पुढे, नसेल तो लाल क्रेटमध्ये. चौदा वर्षं ती हे करतेय आणि हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे अजून 'हेल्पर' आहे.

मी नागपूरची. कॉलेजात असताना वसतिगृहाच्या पाण्यापासून परीक्षेच्या फेरतपासणीपर्यंत दिसेल त्या विषयावर पत्रकं लिहायची, हीच माझी शाळा. नोकरीसाठी बंगळूरला आले ती वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत. लोकांना ब्राउझरमध्ये जे दिसतं, जिथे बोट लावलं की काहीतरी होतं, तो भाग मी लिहिते. आधी सर्जापूर रोडला तीन सहकाऱ्यांबरोबर फ्लॅटमध्ये राहायचे. तिथे लिफ्टमध्येसुद्धा रिलीजच्या, नव्या आवृत्त्यांच्याच गप्पा. मग काम बरंचसं घरून झालं, ऑफिसला आठवड्यातून दोनच दिवस, तेव्हा मी बिऱ्हाड उचलून पीण्याजवळ खोली घेतली. रविवारी सकाळी कामगार बायकांच्या एका गटाबरोबर पत्रकं वाटायची होती, म्हणून.

अक्काची ओळख तिथलीच. माझं पहिलं कन्नड पत्रक मी यंत्राकडून भाषांतर करून घेतलं होतं. चहाच्या टपरीवर तिने ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, पलटून मागे बघितलं आणि मला परत दिलं. हे कन्नड कुणाच्या घरात बोलत नाहीत, म्हणाली. मी मराठीत उत्तर दिल्यावर तिचा चेहरा जरा सैल पडला.

"एवढं ओरडून लिहिलंयस पोरी, पण सभा किती वाजता ते कुठाय?"

वेळ लिहायची खरंच राहिली होती. त्या दिवसापासून माझी पत्रकं तिच्या नजरेखालून जायला लागली.

तर गेल्या वर्षी तिला एक संधी आली होती. एक शिक्षणसंस्था कामगारांसाठी संध्याकाळचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालवते, मालाच्या गुणवत्ता तपासणीचा. तो पूर्ण केला की हेल्परची इन्स्पेक्टर होता येतं. तिच्या सुपरवायझरने तसं कबूलही केलं होतं. अट एकच जाचक होती: प्रवेशाच्या वेळी चाळिशी पूर्ण झालेली नसावी. अक्का एकोणचाळीस पूर्ण होती, जानेवारीत चाळीस. म्हणजे ह्या वर्षी नाही तर कधीच नाही. तिने अर्ज भरला, घरच्यांना न सांगता लेखी परीक्षा दिली आणि यादीत नाव आणलं. आता मंगळवारी सकाळपासून दुपारी बाराच्या आत संस्थेच्या वेबसाइटवर जाऊन 'जागा स्वीकारते' एवढं दाबायचं होतं. नाही दाबलं तर जागा आपोआप प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला.

ती वेबसाइट आमच्या कंपनीने बनवली होती. पानाचं बरंचसं काम माझं. मी ते तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तुझंच काम म्हटल्यावर मला घोर नाही, असं तीही म्हणाली होती.

अक्काचा फोन तिच्या भावाने वापरून दिलेला. त्यात भावाच्या मुलींचे लहानपणापासूनचे फोटो ठासून भरलेले, त्यामुळे नवं काही उतरवून घ्यायला जागाच नाही. ब्राउझरही खोक्यातून बाहेर आला त्या दिवसाचाच. तरी त्याच फोनवर तिने महिन्याभरापूर्वी अर्ज भरला होता. मी शेजारी बसले होते. पान थोडं रखडलं, पण उघडलं.

कारण तेव्हा आम्ही प्रत्येक स्क्रिप्टच्या, म्हणजे पान चालवणाऱ्या सूचनांच्या, दोन प्रती पाठवत होतो. नव्या ब्राउझरांना नव्या धाटणीची, आणि जुन्यांना तीच गोष्ट जुन्या, सोप्या शब्दांत सांगणारी. दुसऱ्या प्रतीचा सगळ्यांना वैताग होता. प्रत्येक रिलीजला वेळ खायची, वेगळी तपासावी लागायची. त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी बैठकीत विषय निघाला. आमचा टीम लीड पुण्याचा, आम्हा मराठी मंडळींत त्याला दादा म्हणतात. त्याने भिंतीवर अहवाल उघडला. कुठल्या ब्राउझरवरून किती लोक आले, याचा तक्ता. जुन्या ब्राउझरांसमोर शून्य. मागच्या महिन्यातही शून्य.

"शून्य आहे गं. शून्य लोकांसाठी कोण एवढं राबणार?"

मी मान हलवली. मी, जी रविवारी गेटवर उभी राहून 'सर्वांसाठी'च्या घोषणांची पत्रकं वाटते. मला त्या क्षणी अक्काचा फोन आठवला नाही. तक्त्यातलं शून्य इतकं स्वच्छ होतं की त्याच्यापलीकडे कुणी माणूस असेल असं वाटलंच नाही. दुसरी प्रत काढायचं कामही मीच केलं. एका फाइलमधल्या दोन ओळी. बदलाच्या नोंदीत कारण लिहिलं: वापरात नाही.

मंगळवारी काय झालं ते असं. अक्काच्या युनिटमध्ये फोन सुपरवायझरच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवावे लागतात, चहाच्या सुट्टीत परत मिळतात. अकरा दहाला तिने पान उघडलं. पांढरं. नेटवर्क नसेल म्हणून गेटपाशी गेली. पांढरं. सुपरवायझरने भला माणूस म्हणून वेळ वाढवून दिला, ती गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी गेली. पांढरं. तिने मला दोनदा फोन केला. मी सर्जापूर रोडच्या ऑफिसात बैठकीत होते. 'मीटिंगमध्ये, नंतर करते' असा निरोप टाकला. ती बैठक कशाबद्दल होती ते आज मला आठवतही नाही.

आता तुम्ही विचाराल, मी तिला नंतर विचारलं तसंच, की दुसऱ्या कुणाचा फोन का नाही घेतला. लेथवाल्या अण्णाने स्वतःचा पुढे केलाही होता. पण तिचं लॉगिन तिच्या फोनमध्ये होतं, दुसरीकडून गेलं तर आपलं नावच रद्द होईल अशी भीती. आणि मुख्य म्हणजे पान 'नाही' म्हणत नव्हतं. ह्या फोनवर जमणार नाही, असं एक वाक्य दिसलं असतं तर बाई रिक्षा करून संस्थेच्या दारात जाऊन उभी राहिली असती. अंतर वीस मिनिटांचं. कोरं पान माणसाला थांबायला सांगतं. ती थांबली.

हे असं का होतं ते सांगायलाच हवं, कारण माझ्या धंद्यातले लोक ह्याला नैसर्गिक आपत्तीसारखं बोलतात. पानाचा मजकूर आणि सांगाडा ज्या भाषेत लिहितात ती फार समजूतदार आहे. ब्राउझरला अनोळखी खूण भेटली तर तो ती सोडून पुढचं दाखवतो. रंगरूपाची भाषाही तशीच: एखादी नवी सजावट नाही कळली, तर तेवढी गाळतो. ज्यांनी हे नियम घडवले त्यांनी जुन्या माणसाला दाराबाहेर ठेवायचं नाही हे ठरवूनच घडवले. स्क्रिप्ट मात्र तशी नाही. फाइलमध्ये कुठेतरी एक नवं चिन्ह, प्रश्नचिन्हापुढे टिंब एवढंसं, जुन्या ब्राउझरला कळलं नाही की तो पूर्ण फाइल बाजूला टाकतो. एवढंही चाललं असतं, जर सांगाड्यात काही असतं. आमच्यासारख्यांनी सांगाडा रिकामा ठेवायचा आणि सगळं, अगदी बटणसुद्धा, स्क्रिप्टकडून उभं करायचं अशी पद्धत पाडली. का, तर आम्हाला ते सोयीचं. सोय आमची, पांढरं पान अक्काचं.

बारा वीसला मी फोन लावला.

"झाले की गं बारा. अजून पांढरंच हाय. माझंच कायतरी चुकलं असंल."

तुझं काही चुकलेलं नाही, असं मी म्हटलं. चूक कुणाची ते सांगायला मला रविवार उजाडला.

त्याच संध्याकाळी मी सर्व्हरच्या कच्च्या नोंदी काढल्या. अकरा दहा ते बारा, तिच्या फोनवरून अकरा वेळा पान मागितलेलं. अकराही वेळा आम्ही ते दिलेलं. त्यापुढे त्या फोनवरून काहीच नाही. आणि दादाच्या अहवालात त्या दिवशीही जुन्या ब्राउझरांसमोर शून्य. बाईने अकरा वेळा दार वाजवलं आणि आमच्या तक्त्यात ती आलीच नव्हती.

मग मी अहवाल मागे मागे नेत गेले. उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत जुन्या ब्राउझरवाली माणसं दिसत होती. थोडी, पण रोज. मग एका दिवशी सगळी एकदम नाहीशी. त्या दिवशी काय झालं होतं? आम्ही लोक मोजणारी स्क्रिप्ट बदलली होती. नवी स्क्रिप्ट नव्या धाटणीची होती, जुना ब्राउझर तिला हातच लावत नाही, चुपचाप ओलांडून जातो. म्हणजे माणसं येतच होती, अर्ज भरत होती, फक्त मोजली जात नव्हती. शून्य आम्ही तयार केलं, मग भिंतीवर लावलं, मग त्याच्याकडे बोट दाखवून ह्या लोकांचं दार काढून टाकलं. खोलीत नऊ जण होते. नऊही इंजिनिअर. एकदम शून्य कसं झालं, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

रविवारी टपरीवर मी अक्काला हे सांगायला बसले. कसं सोपं करून सांगावं ह्याची मी मनात तयारी करून गेले होते. अर्ध्यावरच तिने कप खाली ठेवला.

"म्हंजे रिजेक्शन एकदम शून्यावर आलं?"

"हो."

"एका दिवसात?"

"हो."

"मग गेज तपासलं न्हाई कुणी?"

तिने मग मला समजावलं, जसं नव्या पोरीला समजावतात. गेज वापरून वापरून झिजतं. आत जायला हवं ते टोक झिजलं की लहान भोकातही जातं, सगळा माल चांगला दिसतो. म्हणून त्यांच्याकडे चहाच्या सुट्टीपर्यंत लाल क्रेट रिकामा राहिला तर कुणी शाबासकी देत नाही. सुपरवायझर येतो, तिच्या हातातलं गेज काढून घेतो, कपाटातल्या मास्टर मापाशी ताडून बघतो, आणि मगच लाइन पुढे चालू होते. रोजचं आहे हे.

"आमच्यात हेल्परला बी कळतं की हे," म्हणाली. टोमणा नव्हता. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

इन्स्पेक्टर व्हायला ह्या बाईला कुठल्या अभ्यासक्रमाची गरज होती, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो. पण कागद लागतो. आणि कागदाची वाट आमच्या पानावरून जात होती.

सोमवारी आम्ही दोघी संस्थेत गेलो. मी नोंदींच्या छापील प्रती नेल्या होत्या, ओळींखाली पेनने रेघा मारून. प्रवेश बघणाऱ्या बाई शांत स्वभावाच्या होत्या, त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. त्यांच्या यंत्रणेत अक्काकडून प्रयत्न झाल्याची नोंदच नव्हती. मी प्रती पुढे सरकवल्या. त्यांनी सगळ्या वाचल्या, खरोखर वाचल्या. मग म्हणाल्या की जागा पुढच्या उमेदवाराला गेली आहे, तीही कामगारच, कपड्याच्या कारखान्यातली, शनिवारपासून वर्गात बसतेय. कार्यशाळेत टेबलं मोजकी आहेत. पुढच्या वर्षी घ्या, मी म्हटलं. वयाची अट त्यांच्या हातात नव्हती. मी आवाज चढवायच्या बेतात होते, तेवढ्यात अक्का कन्नडमध्ये बोलायला लागली. मला अर्धंच कळलं, पण तेवढं पुरलं: त्या बाईला उठवू नका. सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, म्हणत अक्का उठली. विषय संपला.

बाहेर पायऱ्यांवर मी तिच्यावरच भडकले. आपण भांडायला आलो होतो, तू मध्येच सोडून का दिलंस, असं काहीबाही बोलले. तिने ऐकून घेतलं.

"तिनं काय केलंय गं? तिचा फोन चालला, एवढंच."

मग कंपनी. दादाला मी सगळं दाखवलं, मोजणीसकट. तो काही वाईट माणूस नाही. हळहळला. पण मग म्हणाला की सर्व्हरने पान दिलं होतं, फोनने त्याचं काय केलं ह्याला आपण काय करणार. जुनी प्रत परत आणायची तर तपासणी परत आली, ग्राहकाने तशी मागणी केलेली नाही, आणि मोजणीची स्क्रिप्ट दुसऱ्या टीमकडे आहे. फार ताणल्यावर एका गोष्टीला तयार झाला. जुना ब्राउझर असेल त्याला एक सूचना दाखवायची. आठवड्यात सूचना तयार झाली: 'आपला ब्राउझर जुना आहे. कृपया अद्ययावत करा.'

मी ती अक्काच्या फोनवर उघडली. पांढरं. सूचना त्याच नव्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेली होती. ज्यांना ती दिसायला हवी, नेमकी त्यांनाच दिसत नव्हती. मी पान पुन्हा पुन्हा उघडत बसले. अक्का मात्र हसली, चांगली खळखळून, आणि दिसली असती तर त्यात काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"आणि जागा कुठनं आणू? पोरींचे फोटो पुसू काय?"

दादाने सूचनेचं काम 'पूर्ण' ह्या रकान्यात टाकलं होतं. अजून तिथेच आहे.

एका सुट्टीच्या दुपारी मी तेच पान स्क्रिप्टशिवाय लिहून बघितलं. साधा सांगाडा, साधा अर्ज, एक बटण जे ब्राउझर स्वतःच उभं करतो. दुपार पुरली. अक्काच्या फोनवर ते डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडलं. दादाला दाखवलं, छान आहे म्हणाला, 'पुढे करायचं' यादीत घातलं. त्या यादीतून काही बाहेर येताना मी पाहिलेलं नाही. मग मी ह्यावर पत्रक छापलं. सर्जापूर रोडवर माझ्या धंद्यातली मंडळी महिन्यातून एकदा जमतात, तिथे दारात उभी राहून वाटलं. पीण्याच्या गेटवर माझी पत्रकं लोक चुरगाळतात, तोंडावर वाद घालतात, कधी शिव्याही देतात. इथे प्रत्येकाने हसून घेतलं, कित्येकांनी फोटो काढला, अगदी खरं आहे म्हणाले, आणि आत जाऊन नव्या फ्रेमवर्कचं व्याख्यान ऐकलं. एकानेही वाद घातला नाही. मला वाटतं त्या दिवशी माझ्यातलं काहीतरी विझलं.

जानेवारीत अक्का चाळीस वर्षांची झाली. मार्चमध्ये तिच्या युनिटमध्ये नवी इन्स्पेक्टर आली, चोवीस वर्षांची, पदविका असलेली. गेज कसं धरायचं, तिरकं घातलं की कसं फसवतं, हे तिला अक्काच शिकवते. अहवालावर सही ती मुलगी करते. अक्का तिच्याबद्दल वाईट बोलत नाही. अभ्यासक्रमाचा विषय मात्र तिने माझ्यापाशी परत काढलेला नाही, आणि काढायचं धाडस मला होत नाही. रविवारी ती अजूनही माझी पत्रकं तपासून देते.

मी नोकरी सोडलेली नाही. सोडली तर त्या खुर्चीवर येणाऱ्याला अक्का माहीतही नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालते. ती कितपत खरी आहे, मला माहीत नाही.

पानं सुधारतील, ह्यावर माझा आता विश्वास नाही. चांगलं पान बनवा असं मी तुम्हाला सांगत नाही. ते मी माझ्याच टीमला सांगून थकले. माझं मागणं वेगळं आहे, आणि ते वेबसाइट बनवणारी बाई करतेय ह्याची मला लाज वाटते, तरी करते. तुमची शाळा असेल, सोसायटी असेल, पतसंस्था, मंडळ, ऑफिस, काहीही असेल. तिथे कुठलाही अर्ज, कुठलीही जागा, कुठलीही मुदत फक्त वेबसाइटवर ठेवलेली असेल, तर उद्या सकाळी तिथे जा. मुदतीच्या आत कागद घेऊन दारात आलेल्या माणसाचा अर्ज हातात घ्या, अशी मागणी लेखी द्या. तुम्ही माझ्यासारखे पानं बनवणारे असाल, तर त्या मागणीवर पहिली सही तुमची असू द्या. तोंडी सांगून परत येऊ नका. पत्राची पोच घ्या.